विरळ हवेंतील सारथ्य

मनुष्य एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड हलवितो, तेव्हां भांडींकुंडीं, अंथरूण-पांघरूण, मुलांचीं पुस्तकें हीं सर्व नीट बांधून घेतो. संवयी मात्र बांधाव्या लागत नाहींत. त्या आपोआपच बरोबर येतात. इतरांच्या बाबतींत यानें फारसें बिघडत नाहीं. कारकुनाची संवय नव्या कचेरींत चालते, शिक्षकाची नव्या वर्गांत चालते. परंतु ज्याचा धंदा मोटार हांकण्याचा आहे आणि जो सपाट मुलूख सोडून हिमालयापलीकडील उंच प्रदेशांत राहावयास जाणार आहे, त्यानें सामान बांधण्यापूर्वीं आपल्या संवयी एकदां उलगडून पाहणें अवश्य आहे.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी येत्या उन्हाळ्यांत लडाखमधील लेह शहरीं मालमोटार चालविण्याच्या नोकरीवर जात आहे. पत्नी व वर्षाचें मूल यांनाही तो बरोबर नेणार आहे. मीं त्या शहरीं राहून तीन वर्षें गाडी चालविली असल्यामुळें त्यानें मला पत्रानें विचारलें, "दादा, बरोबर कोणते सुटे भाग घ्यावे? घाटाची मला भीति नाहीं. बोरघाटांत दहा वर्षें गाडी हांकली आहे." त्याच्या पत्राचें उत्तर मीं धाडलेंच, परंतु त्याच्याप्रमाणें पोटासाठीं उत्तरेकडे जाणारे आणखीही कित्येक असतील, म्हणून तेंच उत्तर येथें कांहींसें विस्तारानें देत आहें.

बोरघाट हा चांगला गुरु आहे यांत शंका नाहीं. वळण कसें घ्यावें, गिअर केव्हां बदलावा, धुक्यांत व पावसांत काय सांभाळावें हें सर्व तो शिकवितो. एक गोष्ट मात्र तो शिकवूं शकत नाहीं. ती म्हणजे हवेची किंमत. खंडाळा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. लेह शहर, तेथील बाजार, शाळा व दवाखाने धरून, ३,५०० मीटरांवर, म्हणजे सुमारें ११,५०० फुटांवर वसलें आहे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी तें उरतें. त्याच्या उत्तरेस सुमारें ४० किलोमीटरांवर खारदुंग-ला ही खिंड आहे. तेथील जुन्या फलकावर १८,३८० फूट असा आंकडा रंगविलेला असे; आधुनिक मोजणीनें ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारें १७,६०० फूट भरते. समुद्रकांठीं हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या सुमारें दोन-तृतीयांश लेह येथें असतो, आणि खारदुंग-लाच्या माथ्यावर जवळजवळ निम्माच. हवेंतील प्राणवायूचें शेंकडा प्रमाण बदलत नाहीं. परंतु हवाच विरळ झाल्यामुळें एका श्वासांत येणारा प्राणवायु तेवढा कमी होतो. आणि श्वास एकटा चालकच घेतो असें नव्हे. त्याची गाडीही घेते.

प्रथम गाडीचें सांगतों, कारण पत्रांत तेंच विचारलें आहे. इंधन जळावयाचें तर हवा पाहिजे. ज्या एंजिनास टर्बो नाहीं, त्याची शक्ति दर हजार फूट चढीस सुमारें तीन टक्के घटते असा साधारण हिशेब आहे. म्हणजे लेह गांठीपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला असतो, आणि सर्वांत उंच खिंडींत जवळजवळ निम्मा. टर्बो असलेलें एंजिन ही उणीव बरीचशी भरून काढतें. तरी तें जोर धरीपर्यंत चढणीवर गाडी अगदीं निर्जीव वाटते. नवखा चालक अशा वेळीं पायाखालचें पेडल अधिक दाबतो. त्यानें शक्ति वाढत नाहीं. हवेवांचून अर्धवट जळालेलें डिझेल काळा धूर होऊन मागें पडतें आणि एंजिन तापतें. खालचा गिअर लवकर टाकावा, ओझें बेतानें भरावें, आणि पुढील गाडीस मागें टाकावयाचें असल्यास सपाटीवर पुरतें त्याहून पुष्कळ अधिक अंतर मोकळें दिसल्यावांचून तो विचार मनांत आणूं नये.

दाब उतरला कीं पाणीही लवकर उकळतें. लेह येथें उघड्या भांड्यांतील पाणी १०० ऐवजीं सुमारें ८८ अंशांवर उकळूं लागतें. कुकरावांचून डाळ शिजत नाहीं हें गृहिणीस तेथें पहिल्याच दिवशीं कळून येतें. रेडिएटरचें झांकण हें कुकराच्या झांकणाचेंच काम करतें. आंतील दाब राखून तें पाण्यास उकळूं देत नाहीं. त्याची रबरी कडा झिजली असेल तर सपाटीवर ती खोड लक्षांत येत नाहीं, पण चढणीवर गाडी वाफ सोडूं लागते. म्हणून महाग सुटे भाग घेण्यापूर्वीं तें स्वस्त झांकण आणि रबरी नळ्या नव्या बसवून घ्याव्या. गाडी तापलेली असतां झांकण कधींही उघडूं नये. टायरांतील हवेचाही असाच प्रकार आहे. बाहेरचा दाब घटल्यामुळें मापक अधिक आंकडा दाखवितो, आणि थंडी तोच आंकडा खालीं ओढते. तेव्हां खालच्या मुलखांत भरलेल्या हवेवर विसंबूं नये. वर पोहोंचल्यावर सकाळीं टायर थंड असतां ती पुन्हा मोजून घ्यावी.

हिंवाळा ही दुसरी परीक्षा होय. लेहची रात्र शून्याखालीं २० अंशांपर्यंत उतरूं शकते. साध्या डिझेलमधील मेण अशा थंडींत थिजतें व गाळणी तुंबते. पूर्वीं लोक त्यांत रॉकेल मिसळून कसेंबसें काम भागवीत. इंडियन ऑइल कंपनीनें नोव्हेंबर २०१९ मध्यें शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें हिंवाळी डिझेल लडाखांत आणलें, तेव्हांपासून ही अडचण पुष्कळ कमी झाली. परंतु खालून टाकी भरून आलेल्या गाडींत तें नसतें, हें ध्यानांत ठेवावें. रेडिएटरमध्यें नुसतें पाणी असेल तर तें गोठून फुगतें आणि एंजिनाचें ओतीव लोखंड तडकतें. निम्मे ग्लायकोल व निम्में पाणी असें मिश्रण घातल्यास शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत भय नाहीं. जुनी बॅटरी थंडींत हटकून दगा देते. ती निघण्यापूर्वींच बदलावी. रात्रीं गाडी उभी करतांना हातब्रेक ओढून ठेवूं नये, कारण ओलावा गोठून ब्रेक चाकास चिकटतात. गाडी गिअरमध्यें ठेवावी व चाकांस दगड लावावे. आणि एक गोष्ट प्राणांतिक आहे म्हणून वेगळी सांगतों: बर्फांत अडकलेल्या गाडींत कांचा लावून, एंजिन चालू ठेवून झोंपूं नये. धुराची नळी बर्फानें बुजली तर विषारी वायु आंत शिरतो. त्यास वास नसतो, आणि झोंपलेला मनुष्य जागा होत नाहीं. बंद खोलींत बुखारी पेटवून निजणाऱ्यासही हाच धोका आहे.

उतरणीचें शास्त्र मात्र बोरघाटांत शिकलेलेंच तेथें कामास येतें; फक्त तें अधिक काटेकोरपणें पाळावें लागतें. ज्या गिअरनें चढलों त्याच गिअरनें उतरावें, आणि गाडीचा वेग ब्रेकपेक्षां एंजिनानें आंवरावा. खारदुंग-लाहून लेहपर्यंतची उतरण सहा हजार फुटांची आहे. तीन खंडाळे एकावर एक रचावे एवढी. इतका वेळ पाय ब्रेकवरच राहिला तर ब्रेक तापतात, त्यांतील तेल उकळतें आणि अखेर पेडल रिकामें खालीं जातें. अरुंद रस्त्यावर चढत्या गाडीस आधीं वाट द्यावी असा आपल्या देशाचा नियम आहे. तेथें तो केवळ शिष्टाचार नव्हे, कारण चढणीवर थांबलेल्या भरल्या गाडीस विरळ हवेंत पुन्हा हलविणें फार कठीण जातें. बर्फ वितळून वाहणारे ओढे रस्ता ओलांडतात, ते सकाळीं पायाच्या घोट्याएवढे असले तरी दुपारच्या उन्हानंतर चाकें बुडवितात. म्हणून ओढ्यांची वाट सकाळींच उरकावी. वळणाच्या सांवलींत जो रस्ता नुसता ओला दिसतो, त्यावर पुष्कळदां पारदर्शक बर्फाचा थर असतो. सांखळ्या जवळ असाव्या, आणि त्या चढविण्याचा सराव घरींच केलेला असावा. बर्फांत बोटें बधिर झाल्यावर ती विद्या शिकतां येत नाहीं.

आतां सर्व सुट्या भागांहून महत्त्वाच्या भागाकडे वळतों. तो म्हणजे चालक स्वतः.

मोटारी येण्यापूर्वीं श्रीनगराहून लेहला जाण्यास पायीं वा घोड्यावरून सुमारें पंधरवडा लागे. मोरेव्हियन मिशनचे लोक १८८५ सालीं लेह येथें ठाणें देऊन राहिले व पुढें त्यांनीं तेथें शाळा काढली, तेही असेच पावलापावलानें डोंगर ओलांडून आले होते. त्या प्रवासांत श्रम फार, परंतु एक मोठा लाभ होता. शरीर रोज थोडें थोडें चढे, आणि नव्या हवेशीं ओळख करून घेण्यास रक्ताला दिवस मिळत. पुढें २४ मे १९४८ रोजीं एअर कमोडोर मेहेरसिंग यांनीं जनरल थिमय्या यांना घेऊन लेहच्या मैदानावर पहिलें विमान उतरविलें. १९६२ सालीं श्रीनगराकडील मोटाररस्ता लेहपर्यंत पोहोंचला. पंधरवड्याचे दोन दिवस झाले, आणि दोन दिवसांचा दीड तास झाला. मनुष्याच्या रक्ताचा वेग मात्र पूर्वींचाच राहिला आहे. उंच प्रदेशांतील बहुतेक आजार याच एका गोष्टींतून उद्भवतात कीं, गाडी रक्ताहून वेगानें चढते.

म्हणून लेहला पोहोंचल्यावर पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांति घ्यावी. मद्यपान व जड कामें वर्ज्य. डोकें दुखणें, मळमळ, भूक न लागणें, झोंप न येणें हा पहिला इशारा. तो मिळतांच आणखी वर चढूं नये. बसल्या जागीं धाप लागणें, खोकल्याबरोबर फेंस येणें, पाऊल वांकडें पडणें, बोलणें असंबद्ध होणें हा शेवटचा इशारा. यावर खालीं उतरणें, प्राणवायु व डॉक्टर यांवांचून उपाय नाहीं. अनुकूलनास मदत करणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्या. प्रवाशापेक्षां चालकाचें दुखणें अधिक घातक, कारण प्राणवायु कमी पडला कीं प्रथम निर्णयशक्तीच मंदावते, आणि ती मंदावली आहे हें ज्याचें त्यास कळत नाहीं. रात्रींची दृष्टिही अशा हवेंत उणावते. निदान पहिल्या कांहीं आठवड्यांत अंधारांत गाडी हांकूं नये.

यांतील मर्म मला एका वृद्ध लडाखी चालकानें दाखविलें. सर्वजण त्यांना 'मेमे-ले' म्हणत; मेमे म्हणजे आजोबा, आणि 'ले' हा आपल्या 'जी'सारखा आदराचा शब्द. मी त्या वेळीं प्रवाशांच्या गाडीवर होतों, आणि पहिले दोन महिने मला एकट्यास खिंडीकडे धाडीत नसत. त्यांच्या शेजारीं बसून मी पाहत असें. एके दिवशीं सकाळीं दोन गृहस्थ गाडींत बसले. आदल्याच दिवशीं ते विमानानें आले होते. "दोन दिवस थांबा," असें मेमे-लेंनीं त्यांना सांगून पाहिलें. पण त्यांच्यापाशीं सुटी मोजकी होती, आणि मालकानें भाडें ठरवून टाकलें होतें. साउथ पुल्लूच्या चौकीपर्यंत दोघेही थट्टामस्करी करीत होते. तेथून थोडें पुढें गेल्यावर मेमे-लेंनीं आरशांत पाहिलें व गाडी बाजूला घेतली. मागच्या गृहस्थांपैकीं एकजण गप्प झाला होता. "साहेब, आज वार कोणता?" असें मेमे-लेंनीं त्यास विचारलें. तो हंसला, आणि त्यानें चुकीचा वार सांगितला. त्याचे ओंठ निळसर दिसत होते.

मेमे-लेंनीं कोणास कांहीं न विचारतां गाडी वळविली. दुसरा गृहस्थ रागावला. माथा अगदीं जवळ आला आहे, पैसे मिळणार नाहींत, मालकाकडे तक्रार करीन, असें तो बोलत राहिला. मेमे-ले एवढेंच म्हणाले, "भाडें नका देऊं, साहेब. पण बसा, आपण खालीं जातों." लेहच्या दवाखान्यांत त्या आजारी गृहस्थास प्राणवायु लावला. तिसऱ्या दिवशीं तो हिंडूंफिरूं लागला. वर आणखी तासभर काढला असता तर काय झालें असतें, हें डॉक्टरांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं. त्या दिवसाचें भाडें मात्र मेमे-लेंना खरोखरच मिळालें नाहीं. त्याबद्दल ते पुन्हा एक अक्षरही बोलले नाहींत. दुपारीं चहा पिऊन त्यांनीं नेहमींप्रमाणें गाडीच्या चाकांस दगड लावले.

मीं तोंवर असें समजत होतों कीं, कुशल चालक म्हणजे जो कोणत्याही रस्त्यानें गाडी पार नेतो तो. त्या दिवसापासून मी त्या शब्दाचा अर्थ वेगळा समजतों. गाडी वळवावी लागेल तेव्हां ती वळविण्याचें धैर्य, तेंही भाडें बुडत असतां व मागून कोणी रागें भरत असतां, हा त्या प्रदेशांतील कौशल्याचा मोठा भाग आहे.

थांबणें हाही त्याचाच दुसरा भाग. बर्फामुळें मनालीकडील रस्ता दर हिंवाळ्यांत कित्येक महिने बंद असतो, आणि झोजी-लाही बंद पडते. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झालेला ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा रोहतांग खिंड टाळतो. परंतु त्याच्यापुढील उंच खिंडी तशाच उभ्या आहेत. १९४८ सालीं झोजी-ला परत घेण्यासाठीं आपल्या सैन्यानें खेंचरांची वाट रुंद करून तेथवर रणगाडे चढविले. रणगाडे हाताशीं असतांही खराब हवामानामुळें चढाई पुढें ढकलावी लागली, आणि १ नोव्हेंबरला ती यशस्वी झाली. जेथें सेनापतीला थांबावें लागलें, तेथें मालमोटारीच्या चालकानें एक दिवस थांबण्यांत कमीपणा मानूं नये. मालकास दिलेल्या तारखेंत दोन दिवस अधिकच धरावे.

आतां कुटुंबाविषयीं. गाडी घेऊन प्रथमच जाणाऱ्यानें शक्य तर श्रीनगराकडूनच जावें. श्रीनगर १,६०० मीटरांच्या आसपास, कारगिल सुमारें २,७०० मीटर, आणि वाटेंतील सर्वांत उंच खिंड फोटू-ला ४,१०८ मीटर. शरीरास टप्प्याटप्प्यानें चढतां येतें. मनालीकडील वाटेवर तांगलांग-ला ही ५,३२८ मीटरांची खिंड ओलांडावी लागते, आणि वाटेंत सर्चूसारख्या ४,२०० मीटरांहून उंच ठिकाणीं रात्र काढावी लागते. नवख्यास ती रात्र जड जाते. तान्हें मूल आपलें डोकें दुखतें हें सांगूं शकत नाहीं. तें दूध सोडील, उगीच रडत राहील किंवा अतिशय गळून जाईल. अशा वेळीं तो आजार उंचीचाच समजून खालीं उतरावें. निघण्यापूर्वीं मुलास डॉक्टरांना दाखवावें. शक्य तर चालकानें एकट्यानें पुढें जावें, घर पाहावें, स्वतः रुळावें, आणि मग बिऱ्हाड न्यावें.

ज्यास स्वतःची गाडी न्यावयाची असेल, त्यानें कागदपत्रेंही पाहावीं. वाहन चालविण्याचा परवाना सर्व देशांत चालतो. परंतु १९८८ च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणें एका राज्यांत नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठीं जुन्या कचेरीचें ना-हरकत पत्र लागतें. हें पत्र निघण्यापूर्वींच मिळवावें. दोन हजार किलोमीटरांवरून तें मिळविण्यांत निष्कारण हिंवाळा निघून जातो.

शेवटची गोष्ट तेथें वर्ष-दोन वर्षें काढलेल्यांसाठीं आहे, आणि तीच बहुधा कोणी सांगत नाहीं. लेहच्या हवेशीं झालेली ओळख कायमची नसते. महिना-दोन महिने सपाट मुलखांत सुटी घालविली कीं रक्त आपली नवी विद्या विसरूं लागतें. परत येणाऱ्या मनुष्यास वाटतें, आपण येथलेच. रस्ता ओळखीचा, घर ओळखीचें, शेजारी 'जुले' म्हणून हंसून स्वागत करतात. अशा वेळीं तो दुसऱ्याच दिवशीं गाडी घेऊन खिंडीवर जातो, आणि पहिल्या वर्षीं जो आजार टळला तो तिसऱ्या वर्षीं गांठतो. म्हणून दर सुटीनंतर दोन दिवस पुन्हा नवख्यासारखें स्वस्थ बसावें, पाणी प्यावें, हळू चालावें, आणि मगच किल्ली हातीं घ्यावी.